कॅमेऱ्याला मान दिसत नाही

फिजिओथेरपीचं ॲप उघडायचं, मोबाइल टेबलावर टेकवून उभा करायचा आणि समोर खुर्चीत बसायचं. थोड्या वेळात पडद्यावर आपल्याच अंगावर ठिपके उमटतात: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं. गूगलच्या मीडियापाइपमध्ये असे 33 ठिपके असतात. एकेक तपासून पाहा, त्यातला एकही मानेवर नाही. चेहऱ्यानंतर थेट खांदा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ओपनपोझमध्ये मानेचा ठिपका आहे खरा, पण तोही दोन खांद्यांचा मध्य काढून बसवलेला. मानेच्या मणक्यांमधल्या गादीच्या दुखण्यासाठी व्यायाम करून घेणारं हे तंत्र मानेचा सगळा हिशेब कान आणि खांदा यांवरून मांडतं.

आधी दुखण्याकडे वळू. मानेत सात मणके. पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते, ती दुसऱ्या-तिसऱ्यापासून सुरू होते. गादीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं, आत मऊ गर. कडं फाटलं की करंजीतून सारण डोकवावं तसा गर मागच्या बाजूला येतो, आणि तिथूनच तर हाताकडे जाणाऱ्या नसा निघतात. म्हणून बिघाड मानेत आणि मुंग्या बोटांत. सगळ्यात जास्त त्रास देतात त्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या. पहिलीमुळे साधारणपणे अंगठ्याच्या बाजूला मुंग्या येतात, दुसरीमुळे मधल्या बोटाकडे. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतो. बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं. तोवर मान हलती ठेवणं आणि तिचे आतले स्नायू बळकट करणं, हे व्यायामाचं काम.

आता ठिपका बसतो कसा ते पाहू. माणसांनी आधी असंख्य फोटोंवर हातानं खुणा केलेल्या असतात: हा कान, हा खांदा. त्या फोटोंवरून प्रणाली शिकते आणि नव्या चित्रात प्रत्येक जागेसाठी अंदाज करते की इथे कान असण्याची शक्यता किती. जिथे शक्यता सर्वाधिक, तिथे ठिपका. हे दर सेकंदाला अनेकदा चालतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम इथपर्यंतच. पुढे या ठिपक्यांवरून मानेचा कोन काढणं ही शाळेतली भूमिती आहे.

हनुवटी आत घेण्याचा व्यायाम घ्या, मानेच्या रुग्णाला तो बहुधा पहिल्याच दिवशी शिकवतात. नजर समोर ठेवून, हनुवटी खाली न झुकवता डोकं सरळ मागे न्यायचं. हालचाल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. कॅमेरा समोर असेल तर ही हालचाल त्याच्यापासून दूर जाणारी, आणि साध्या कॅमेऱ्याला खोली नीट कळत नाही. म्हणून चांगलं ॲप तुम्हाला कॅमेऱ्याकडे एक बाजू करून बसायला सांगतं. फिजिओ हाच कोन मोजतात तेव्हा कानाच्या मधोमध एक बिंदू धरतात आणि दुसरा मान वाकवल्यावर तळाशी हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर, म्हणजे सातव्या मणक्यावर. ही रेषा आडव्या रेषेशी साधारण 50 अंश किंवा त्याहून जास्त कोन करत असेल तर ठीक. त्याहून बरीच खाली आली तर डोकं पुढे झुकलेलं आहे असं मानतात.

मोबाइलकडे त्या उंचवट्याचा ठिपका नाही, म्हणून तो खांदा घेतो. गोम इथे आहे. दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्याचं डोकं पुढे येतं आणि खांदेही पुढे गोल होतात. दोन्ही मिळून पुढे सरकल्यामुळे कान बरोबर खांद्याच्या वर दिसतो आणि पडद्यावर हिरवी खूण येते. उलट एखाद्यानं खांदे नीट मागे घेतले, तर कान पुढे गेल्यासारखा दिसून ॲप त्यालाच टोकतं. काहीजण मान जागची न हलवता पाठच मागे रेलतात. ही लबाडी पकडायला कमरेचा ठिपकाही चौकटीत असावा लागतो. डोक्यावरून पदर किंवा ओढणी असेल, मोकळ्या केसांनी कान झाकला असेल, तरी ठिपका उमटतोच, फक्त अंदाजानं. तेव्हा केस बांधा, अंगाला बसणारे कपडे घाला, मोबाइल खांद्याच्या उंचीला ठेवा आणि तिरका ठेवू नका. फिजिओंनी काढलेल्या कोनाची आणि ॲपच्या कोनाची मात्र तुलना करू नका. त्याच ॲपमध्ये, त्याच जागी बसून आलेला आजचा आणि मागच्या आठवड्याचा आकडा शेजारी ठेवण्यात थोडाफार अर्थ आहे.

कोनापेक्षा महत्त्वाची गोष्ट कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर असते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीत एक साधा निकष आहे. व्यायामानं दुखणं बोटांतून कोपराकडे, तिथून खांद्याकडे आणि मग मानेत गोळा होत असेल तर दिशा योग्य, मग मान आधीपेक्षा थोडी जास्त दुखली तरी चालेल. दुखणं खाली हातात उतरायला लागलं तर तो व्यायाम थांबवायचा. आता समजा, ॲप रोज एवढंच विचारतं की दुखणं दहापैकी किती. काल हातभर मुंग्या होत्या आणि तुम्ही चार लिहिलंत. आज मुंग्या गेल्या, मान भरून आली, तुम्ही सहा लिहिलंत. फक्त आकडा पाहणारी प्रणाली व्यायाम कमी करील, नेमका जो लागू पडतोय तोच. म्हणून शरीराच्या चित्रावर ‘कुठे’ दुखतंय ते रंगवायला सांगणारं ॲप निवडावं, आणि तो प्रश्न कंटाळा करून ओलांडू नये. लोक कॅमेऱ्यासमोर दहा वेळा मनापासून मान हलवतात आणि हा प्रश्न मात्र बोट फिरवून उडवून लावतात.

या सगळ्याचा उपयोग किती? ‘सेल्फबॅक’ नावाची एक प्रणाली नीट तपासली गेली आहे. तुमच्यासारखे आधीचे रुग्ण शोधायचे आणि त्यांना जे मानवलं ते तुम्हाला सुचवायचं, अशी तिची रीत. 2021 मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेमधल्या 461 कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना ॲपची जोड दिल्यावर फायदा दिसला, पण बेताचा. 2023 मध्ये नॉर्वेत तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मान-कंबरदुखीच्या 294 रुग्णांवर तेच करून पाहिलं, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. दुखणं चिवट आणि गुंतागुंतीचं असेल तर नुसत्या ॲपवर विसंबू नये, असं मी यावरून समजतो.

एमआरआयचा रिपोर्ट चॅटबॉटमध्ये टाकून व्यायाम मागण्याचीही आता पद्धत पडत चालली आहे. जपानमध्ये कसलाही त्रास नसलेल्या 1211 जणांच्या मानेचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली. तेव्हा रिपोर्टमधल्या ‘बल्ज’ (फुगवटा) या शब्दावरून कुणी व्यायाम ठरवत असेल, माणूस असो की यंत्र, तर तो पाया कच्चा आहे. तुमचं डोकं बाजूला झुकवून वरून हलका दाब दिल्यावर कळ हातात जाते का, कोपर सरळ करताना जोर कमी पडतो का, हातोडीच्या ठोक्याला स्नायू उसळतो का, हे हात लावूनच कळतं.

त्यामुळे घडी अशी बसवावी: तपासणी आणि व्यायामांची निवड फिजिओंची, घरची पहारेदारी ॲपची. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत रुग्ण व्यायाम विसरतो, घाईत करतो, चुकीचा करतो. तिथे ॲपची ही नजर खरंच कामाची आहे. तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी एसटीनं जावं लागणाऱ्याला तर जास्तच. ॲप घेताना व्हिडिओ मोबाइलमध्येच राहतो की कंपनीकडे जातो, तेवढं वाचून घ्या.

आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, हातातला जोर दिवसेंदिवस कमी होत गेला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर दाब मज्जारज्जूवर येत असू शकतो. त्या दिवशी ॲप उघडू नका, थेट डॉक्टरांकडे जा.