कार्यालयातले वाय-फाय : आधी भिंती मोजा

शिवडी स्थानकाच्या पूर्वेला बंदराच्या जागेवरची जुनी गोदामे आहेत आणि त्यांच्या आडोशाने चालणारी मालवाहतूकदारांची, एजंटांची, हिशेबनिसांची छोटी कार्यालये. पश्चिमेला नव्या टॉवरांच्या खालच्या मजल्यांवरही अशीच आठ-दहा माणसांची कार्यालये थाटली जातात. दोन्हीकडची तक्रार एकच. पैसे १०० एमबीपीएसचे भरतो, पण आतल्या केबिनमध्ये जीएसटीचे पान उघडत नाही. मग कोणीतरी सहा अँटेनांचा ‘लाँग रेंज’ राउटर आणतो. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच.

दोष बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीत नसून भिंतीत असतो. वाय-फायच्या रेडिओलहरींना साध्या विटांच्या एका भिंतीतून जाताना निम्मी ते तीन-चतुर्थांश शक्ती गमवावी लागते. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पलीकडे जेमतेम दहावा भाग पोहोचतो, कधी त्याहूनही कमी. जुन्या गोदामाच्या जाड दगडी भिंतीबद्दल तर बोलायलाच नको. पत्र्याचे शटर आणि लोखंडी कपाट लहर परतवून लावतात. (आणि आपल्याकडे राउटर ठेवायची लाडकी जागा कोणती, तर त्याच कपाटाच्या मागे किंवा आत, कुलपात!) नव्या टॉवरांत ऊन अडवायला काचेवर धातूचा पातळ थर दिलेला असतो, तोही तेच करतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, तर ५ गिगाहर्ट्‌झची साडेपाच-सहा सेंटिमीटर. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरते.

मग जास्त ताकदीचे यंत्र का चालत नाही? लालबागच्या मंडपात निवेदक माईकवरून हरवलेल्या मुलाचे नाव पुकारतो. मुलाला ते ऐकू येते. पण गर्दीतून मूल ‘मी इथे आहे’ म्हणाले, तर निवेदकाला ते कसे ऐकू जाणार? वाय-फाय हे दोन्ही बाजूंचे बोलणे आहे. राउटरचा आवाज वाढवता येतो, मोबाइलचा नाही. त्याची बॅटरी आणि अँटेना इवलीशी. म्हणून मोबाइलवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि फाइल मात्र जात नाही. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. कोपऱ्यातला एक संगणक क्षीण सिग्नलमुळे रखडत बोलू लागला की बाकीचे सगळे खोळंबतात.

उपाय म्हणजे आवाज चढवण्याऐवजी जवळ जाणे. अ‍ॅक्सेस पॉइंट हे तारेतून आलेले इंटरनेट हवेत सोडणारे आणि हवेतले तारेत घेणारे यंत्र. घरगुती राउटरमध्ये ते अंगभूत असते, पण वेगळेही मिळते, छताला लावायच्या थाळीसारखे. समजा, ८०० चौरस फुटांची जागा, मध्ये एक जाड भिंत आणि दहा-बारा माणसे. इथे एका महागड्या यंत्रापेक्षा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक मध्यम यंत्र, तेही कमी शक्तीवर, हा सौदा मला कधीही बरा वाटतो. भिंत नसेल तर एक पुरे.

मात्र दोन्हींपर्यंत तार न्यायलाच हवी. तारेविना एकमेकांशी बोलणारी ‘मेश’ यंत्रे दिसायला सुटसुटीत, पण साध्या प्रकारात तोच रेडिओ तुमच्याशीही बोलतो आणि जोडीदाराशीही, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत चालते आणि ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ असेल तर वीजही त्याच तारेतून जाते. छतावर वेगळा प्लग नको, आणि मुख्य स्विच यूपीएसवर ठेवला की दिवे गेले तरी वाय-फाय सुरू.

डोक्यावर दिवसभर यंत्र लावून बसायचे, हे अनेकांना रुचत नाही. प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-ब’ गटात, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकतील, पण पुरावा मर्यादित’ असे ठेवले. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. आता हिशेब करू. अ‍ॅक्सेस पॉइंटची शक्ती १०० मिलिवॉट धरली आणि ती चहूकडे सारखी पसरली, तर एक मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॉट पडते. भारतात मोबाइल टॉवरसाठी २०१२ मध्ये लागू झालेली मर्यादा या लहरींच्या पट्ट्यात १ वॉट होती, म्हणजे सव्वाशे पट. अँटेनाने लहर एका दिशेला दोन-तीन पट एकवटली तरी अंतर बरेच राहते, आणि तीन मीटरवर हा आकडा आणखी नवव्या हिश्श्यावर येतो. या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाही नसते. तरी मनात शंका असेल, तर कमी शक्तीची दोन यंत्रे हा मार्ग तिलाही सोयीचाच.

दाटीवाटीच्या वस्तीत दुसरा शत्रू म्हणजे शेजारी. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. टॉवरमध्ये प्रत्येक घराचा राउटर त्यांतच कोंबलेला. कार्यालयाचे काम ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवा आणि चॅनेलची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्‌झ करा. रस्ता अरुंद होतो, पण मोकळा राहतो. या पट्ट्याचा काही भाग हवामान रडारांशी वाटून घ्यावा लागतो. वेरावलीचे रडारही सी-बँडचेच. तिथे रडारची चाहूल लागली की यंत्राला नियमानुसार चॅनेल सोडावा लागतो. वाय-फाय अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर हेही तपासा.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘एएक्स ३०००’ म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज. ती कोणत्याही एका मोबाइलला मिळत नाही. वाय-फाय ६ पुरेसे आहे. वाय-फाय ७ साठी जादा पैसे मोजण्यापूर्वी आपले संगणक ते ओळखतात का, ते पाहा. त्यापेक्षा दुकानदाराला विचारा की कंपनी किती वर्षे सुरक्षा अपडेट देणार, डब्ल्यूपीए ३ आहे का आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते का. हा शेवटचा मुद्दा मालवाहतूकदारांसाठी फार मोलाचा. ट्रकचालक, एजंट, कुरिअरवाला, सगळेच पासवर्ड मागतात. तो मोबाइल बिलिंगच्या संगणकाशी आणि सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरशी एकाच जाळ्यात नको.

यंत्र छतावर बसवून घेतले की स्क्रू आवळण्याआधी मोबाइलवर सिग्नल मोजणारे अ‍ॅप उघडून प्रत्येक टेबलापाशी उभे राहा, केबिनचे दार लावूनही पाहा. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला आकडा (उणे ६०, उणे ५०) आला तर व्हिडिओ कॉल अडखळणार नाही. उणे ७५ आला, तर यंत्र दोन-तीन फूट सरकवून पुन्हा मोजा. आणि बाहेर रस्त्यावरही कडक सिग्नल येत असेल, तर शक्ती एक पायरी खाली आणा.