गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

पिवळे पडलेले हेडलाइट घरच्या घरी उजळता येतात. पण ती चमक टिकवायची असेल तर शेवटची पायरी विसरून चालणार नाही.

जयपूरच्या सी-स्कीम भागात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या नीट पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. रंग झकास, टायर नवे, काचा लख्ख. पण हेडलाइट मात्र हळद सांडल्यासारखे पिवळट. कित्येक गाड्यांचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा अधिक पिवळा असतो. रोज ज्या बाजूला ऊन लागते, ती ही बाजू.

सी-स्कीम ही जयपूरच्या तटाबाहेरची वसाहत. सर मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत शहर तटाबाहेर पद्धतशीरपणे वाढू लागले. नव्या वसाहतींच्या योजनांना इंग्रजी अक्षरांची नावे पडली, त्यातलीच ही 'सी'. रुंद रस्ते, मोठी आवारे आणि बंगल्यापुढे पोर्च अशी इथली जुनी रचना. आता अनेक बंगल्यांच्या जागी इमारती आणि कचेऱ्या आल्या आहेत. घरटी गाड्या वाढल्या, पोर्च मात्र वाढले नाहीत. त्यामुळे उरलेल्या गाड्या उन्हात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वर धुळीची वादळे येतात. नागपूर, अकोला, जळगावच्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. त्यांच्या दारातल्या गाडीचीही हीच कथा आहे.

हा मळ नव्हे

जुन्या अँबॅसिडरच्या किंवा पद्मिनीच्या हेडलाइटची काच खरोखर काच होती. ती फुटत असे, पण पिवळी पडत नसे. आजच्या गाड्यांची 'काच' पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी हा पदार्थ जवळजवळ एकाच वेळी तयार केला. तो हलका, हवा तसा वळवता येणारा आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारा. मात्र त्याचे दोन शत्रू आहेत : ओरखडे आणि उन्हातले अतिनील किरण.

म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कठीण, पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धुळीने तो थर झिजतो, सोलवटतो. मग किरण थेट प्लास्टिकवर पडतात, त्याचे रेणू तुटू लागतात आणि पृष्ठभाग पिवळा व धूसर होतो. नव्या गाड्यांचे दिवे मागे बॉनेटकडे ओढलेले असल्यामुळे त्यांचा वरचा भाग आकाशाकडे तोंड करून असतो. पिवळेपणाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

थोडक्यात, हा मळ नसून उन्हाने जळलेली कातडी आहे. ती पुसून जात नाही, काढावी लागते. आणि काढल्यावर नवी चढवावी लागते.

प्रश्न केवळ दिसण्याचा नाही

अमेरिकेतील 'एएए' या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत असे दिसले, की खराब झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडतो. काच घासून उजळल्यावर हेच प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर आले.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. महामार्गावर बसलेली गाय, मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा उंटगाडी एक सेकंद उशिरा दिसली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. वयाबरोबर डोळ्यांना रात्री अधिक प्रकाश लागतो. तेव्हा घरातले ज्येष्ठ गाडी चालवत असतील तर हे काम आधी करावे. शिवाय धूसर काच प्रकाश इकडेतिकडे फेकते आणि समोरच्याचे डोळे दिपवते.

काही जण यावर जास्त वॅटचा बल्ब बसवतात. त्याने उष्णता वाढते, वायरिंगवर ताण येतो आणि काच धूसर ती धूसरच राहते.

आधी परीक्षा, मग काम

काचेवर पाणी ओता. ओली असेपर्यंत धूसरपणा बराच नाहीसा झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे आणि तो घरी दूर करता येईल. आत बाष्प साचले असेल किंवा प्लास्टिकमध्ये खोलवर बारीक भेगा असतील, तर घासून उपयोग नाही, मेकॅनिकला दाखवावे.

साहित्य फार नाही : गाडी धुण्याचा शाम्पू, मास्किंग टेप, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (पिवळेपणा फार असल्यास ८०० नंबरचाही), रबिंग कंपाउंड, मऊ फडकी आणि अतिनील किरण रोखणारा, हेडलाइटसाठीचा क्लिअर कोट. किरण रोखण्याचा उल्लेख डब्यावर स्पष्ट असायला हवा.

कृती

गाडी सावलीत उभी करावी, काच थंड होऊ द्यावी. धुऊन कोरडी करून सभोवतालच्या रंगावर टेपचे दोन पदर लावावेत. एक चुकार घासणी बसली तरी रंग जातो.

वॉटर पेपर काही वेळ पाण्यात भिजवावा. साबणाचे पाणी सतत सोडत, हलक्या हाताने, आधी आडवे घासावे. पिवळसर पाणी वाहू लागेल. तो जुना थर निघतो आहे. पाणी पांढरट होईपर्यंत आणि सारी काच एकसारखी मंद दिसेपर्यंत पहिला पेपर सोडू नये. मध्येच चकाकणारी बेटे राहिली असतील तर तिथे जुना थर शिल्लक आहे.

या टप्प्यावर काच पहिल्यापेक्षाही वाईट दिसते. घाबरू नये. पुढचा पेपर तिरका, त्यापुढचा उलट तिरका चालवावा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पुसले गेले की नाही ते कळते. दर वेळी काच आणि फडके धुवावे. आधीचा एखादा खरखरीत कण राहिला तर केलेले काम वाया जाते.

यानंतर क्लिअर कोटच्या डब्यावरची सूचना वाचावी. फवारायचा कोट बहुधा किंचित खरखरीत पृष्ठभागावर चांगला धरतो. कंपाउंडच्या तेलकटपणावर धरत नाही. फडक्याने लावायचा कोट असेल तर आधी कंपाउंडने चमक आणावी, मग तेलकटपणा पूर्ण पुसावा. कोट पातळ, दोन हातांत द्यावा. फवारणी करताना जागा मोकळी असावी, नाकातोंडावर मास्क असावा आणि मुलांना दूर ठेवावे. वाळेपर्यंत धूळ व पाणी लागू देऊ नये.

दोन्ही दिव्यांना मिळून सकाळचे दोन-तीन तास पुरतात. संध्याकाळी भिंतीवर झोत पाडून दोन्ही एका उंचीवर आहेत ना, हे पाहावे.

टूथपेस्टचे काय?

टूथपेस्टने काच उजळते, हे खोटे नाही. तिच्यातले बारीक कण पृष्ठभाग घासतात. पण संरक्षक थर तिच्यात नसतो, म्हणून काही दिवसांतच पिवळेपणा परततो. पेट्रोल आणि थिनर तर काचेला लावूच नयेत. पॉलिकार्बोनेटला त्यांनी भेगा पडू शकतात. डास पळवणाऱ्या मलमाचा उपायही टाळावा. त्यातले 'डीईईटी' हे रसायन प्लास्टिकचा वरचा भाग विरघळवून क्षणाची चमक आणते, आणि त्याचा थेंब रंगावर पडला तर रंगही बिघडतो.

पुन्हा पिवळे पडू नये म्हणून

उजळलेली काच कारखान्यातल्या काचेइतकी टिकत नाही. मधूनमधून मेण लावावे आणि कोट विरू लागला की नवा द्यावा. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नये. आधी पाण्याने धुवावी.

गाडी उन्हातच ठेवावी लागत असेल, तर तिचे तोंड उत्तरेला करावे. आपल्याकडे वर्षाचा बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सी-स्कीममधल्या स्टॅच्यू सर्कलला ज्यांचा पुतळा आहे, त्या सवाई जयसिंहांनी ऊन-सावली मोजायला जंतरमंतर उभारले. आपल्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. दुपारी झाडाची सावली कुठे पडते, एवढे पाहून ठेवले तरी पुरे. तेही जमत नसेल, तर हेडलाइटवर जुन्या चादरीची घडी टाकली तरी पुष्कळ काम होते.