पोटाचा रंग

साप ओळखायचा असेल तर आधी तो उलटा करतात. पाठीची नक्षी डोळ्यांत भरते खरी, पण अभ्यासकाच्या टेबलावर पहिला मान पोटाला. स्पिरिटमधून काढलेला नमुना ट्रेमध्ये उताणा, हातात टाचणी, डोळ्याला भिंग. मग पोटावरचे आडवे, रुंद खवले एकेक करून मोजायचे. सुरुवात कुठून करायची यालाही नियम आहे. गळ्याखालच्या ज्या खवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीच्या खवल्यांची पहिली ओळ टेकते, तो पहिला. ही रीत हर्नडन डाउलिंग यांनी १९५१ मध्ये घालून दिली. मलद्वारावरचा खवला यात धरत नाहीत. शेपटीचं टोक तुटलेलं असेल तर शेपटीखालच्या खवल्यांचा आकडा पुरा मानत नाहीत. मध्येच कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्यापासून. हे काम पाहताना मला माणसांच्या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

पण नुसत्या मोजणीनं भागत नाही, हे ऱ्हॅब्डॉप्सच्या बाबतीत कळतं. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीत, रात्री ओढ्याच्या पाण्यात फिरणारा हा बिनविषारी, ठिपकेदार साप. दिवडाच्या पाठीवर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, याचे खवले मात्र गुळगुळीत. मद्रास इलाख्यातले वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी १८६३ मध्ये दक्षिणेतल्या अशाच एका सापाला ऑलिव्हेसियस असं नाव दिलं. पुढे दीडशे वर्षं आपल्याकडचा सापही त्याच नावावर खपत राहिला.

दोघांमधला फरक ढळढळीत आहे. दक्षिणेतल्याचं पोट पिवळं आणि डोळ्याच्या बाहुलीभोवतीचं कडंही पिवळं. आपल्याकडच्याचं दोन्ही मळकट पांढरं. मात्र हे साप जिवंत असेपर्यंतच. फॉर्मेलिन आणि स्पिरिटमध्ये रंग टिकत नाहीत, पिवळा तर लवकरच उडतो. बरणीतले दोन साप शेजारी ठेवले, तर जो फरक सर्वांत आधी दिसायला हवा तोच नाहीसा झालेला असतो. हा गोंधळ इतका लांबला याचं कारण मला या बरणीतच दिसतं.

म्हणून पावसाळी रात्री ओढ्यात उतरावं लागतं, तेही वनखात्याची परवानगी हातात घेऊन. टॉर्चच्या पिवळट उजेडात पांढरं पोटही पिवळं वाटू शकतं, त्यामुळे रंगाची नोंद दिवसाच्या उजेडात, फोटोसह करायची. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा नमुना फॉर्मेलिनमध्ये जाण्याआधीच वेगळा काढायचा, कारण फॉर्मेलिन डीएनएची मोडतोड करतं. शिवाय या सापाचा रंग वयानुसार बदलतो. पिल्लू आणि मोठा साप वेगवेगळे मानण्याची चूक सहज होऊ शकते, म्हणून एकट्या सापावर निकाल देता येत नाही, सगळ्या वयांचे साप पाहावे लागतात. मोठे ओढ्यांत भेटतात, पिल्लं जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पावसात तुंबलेल्या पाण्यात.

खवले, रंग आणि डीएनए यांचा मेळ बसला आणि २०१७ मध्ये वरद गिरी, व्ही. दीपक, अशोक कॅप्टन आणि सहकाऱ्यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात ही प्रजाती वेगळी म्हणून मांडली. पाण्यात राहणारा म्हणून नाव ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस. दोनच वर्षांनी ईशान्य भारतातला त्याचा मानलेला भाऊबंदही डीएनएच्या पुराव्यावरून वेगळ्या कुळीत, म्हणजे जीनसमध्ये, गेला. तिचं नाव स्मिथोफिस. ऱ्हॅब्डॉप्स ही कुळी उरली ती फक्त पश्चिम घाटाची.

मला काळजी वाटते ती सड्यांची. सरकारी दप्तरी सडा पडीक जमीन म्हणून लागतो, आठ महिने तो दिसतोही तसाच. मग तिथे चिरेखाण पडते आणि वरचा कातळच निघून गेला की पिल्लांची उथळ डबकी राहत नाहीत. आता निदान खाणीविरुद्धच्या हरकतीच्या अर्जात, तिथे राहणाऱ्या सापाचं त्याचं स्वतःचं नाव लिहिता येतं.