गेम घेतला, आता त्याच्या पॅकलाही पैसे द्यायचे का?

या भागाचं हे लिहून काढलेलं रूप. बोलताना "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" फार झालं होतं, ते काढलंय. बाकी बरंचसं जसं बोललो तसंच आहे. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांना एक-दोन गोष्टी नव्या दिसतील, कारण रेकॉर्डिंग झाल्यावर मी स्टीमवरचा माझा खरेदीचा इतिहास परत उघडला आणि आकडे मी बोलताना सांगितले त्यापेक्षा वाईट निघाले.

गोष्ट २०२० च्या दिवाळीची. लॉकडाऊनमुळे मी घरून काम करत होतो, घर म्हणजे बदनापूर तालुक्यातलं आमचं गाव. माझ्या जुन्या लॅपटॉपवर फार्मिंग सिम्युलेटर १९ होता आणि संध्याकाळी चुलत भाऊ येऊन खेळायचा. एक दिवस तो म्हणाला, "दादा, जॉन डिअरचा कापसाचा पॅक घेऊ का? पैसे माझे आहेत." शाळा बंद होती म्हणून पोरगं काकांच्या शेतात वेचणीला जात होतं आणि काका त्याला इतरांसारखीच किलोमागे मजुरी देत होते. पॅकची किंमत म्हणजे त्याची साधारण दोन दिवसांची वेचणी. मी फार विचार न करता म्हणालो, "घे की, भारी आहे."

तीन संध्याकाळ चालला तो पॅक. चौथ्या दिवशी त्यानं उघडला नाही.

कापूस हे पीक फार्मिंग सिम्युलेटर १९ च्या मूळ गेममध्येच होतं. ते वेचायला केस आयएचचं एक यंत्रही मूळ गेममध्येच होतं. पॅकमध्ये आलं जॉन डिअरचं यंत्र. पहिल्या यंत्रात कापसाची लांबट चौकोनी गंजी पडते, दुसऱ्यात गुंडाळलेला गोल गठ्ठा पडतो. शेत तेच, पीक तेच, भाव तोच, विकायची जागाही तीच. यंत्र देखणं आहे, आवाज छान आहे, पण काम जुनंच.

इथं थोडं इंजिनिअरसारखं बोलतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. गेममध्ये मोटामोटी दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक म्हणजे माल : ट्रॅक्टरचं थ्रीडी मॉडेल, आवाज, रंग, आणि एका साध्या फाईलमध्ये लिहिलेली त्याची किंमत, हॉर्सपॉवर, कामाची रुंदी. दुसरी म्हणजे नियम : पीक कसं वाढतं, माती कशी बदलते, भाव कधी पडतो. बहुतेक विकतचे पॅक हे फक्त माल असतात. माल बनवायला मेहनत नाही असं मी म्हणत नाही, यंत्राचं एक चांगलं मॉडेल करायला माणसाचे कितीतरी दिवस जातात आणि कंपन्यांचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. पण खेळणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर आपल्याला पुन्हा पुन्हा गेमकडे नेतात ते नियम. म्हणून आता पॅक घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो : हा घेतल्यावर मला असा कुठला निर्णय घ्यावा लागेल, जो आज घ्यावा लागत नाही? उत्तर सापडलं नाही तर ते अंगणात उभं करायला घेतलेलं अवजार आहे. ट्रॅक्टरवाल्याला नांगर लागतो, रोटा लागतो. शेजाऱ्याकडं लाल रोटा आहे म्हणून कोणी दुसरा रोटा घेत नाही. (घेतात. एक-दोन जण मला माहीत आहेत. पण ते सोडा.)

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच वर्षी डिसेंबरात आलं, म्हणजे भावानं पैसे घालवल्यावर महिन्याभरात. त्याच फार्मिंग सिम्युलेटर १९ साठी प्रिसिजन फार्मिंग नावाची भर आली. युरोपातल्या ईआयटी फूड या संस्थेचा प्रकल्प, सोबत जॉन डिअर. त्यात शेतातल्या मातीचे नमुने घ्यायचे, कुठं कुठली माती आहे, सामू किती, नत्र किती ते बघायचं आणि त्याप्रमाणे एकाच शेतात जागेनुसार कमी-जास्त चुना आणि खत टाकायचं. शेवटी हिशोब दिसतो की खतावर किती खर्च केला आणि उत्पन्न किती आलं. आमच्याकडं माती परीक्षणाची पत्रिका घरात असते, पण गोणी मात्र दुकानदार सांगेल तशी पडते. भाऊ त्या गेममध्ये पहिल्यांदा म्हणाला, "वरच्या कोपऱ्यात एवढं खत कशाला टाकत होतो मी?" नवा निर्णय म्हणतो तो हा. आणि ही भर पूर्ण फुकट होती.

फुकटचा विषय निघालाच आहे तर अजून एक. अंबड-घनसावंगीकडच्या लोकांना ऊस सांगायला नको. फार्मिंग सिम्युलेटर १७ मध्ये ऊस आला तो नोव्हेंबर २०१७ च्या प्लॅटिनम आवृत्तीत, दक्षिण अमेरिकेच्या नकाशाबरोबर. मूळ गेम आधीच घेतलेल्यांना त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले. पुढच्याच नोव्हेंबरात फार्मिंग सिम्युलेटर १९ आला आणि त्यात ऊस मूळ गेममध्येच. ऋतूंचंही तसंच. १७ आणि १९ मध्ये ऋतू हवे असतील तर हौशी लोकांनी बनवलेला फुकटचा मॉड टाकावा लागायचा, २०२१ च्या २२ मध्ये ऋतू मुळातच आले. म्हणजे जी भर खरंच चांगली असते, ती पुढच्या आवृत्तीत मूळ गेममध्ये यायची बरीच शक्यता असते. घाई नसेल तर थांबा. घाई असेल तर निदान एवढं माहीत असू द्या की आपण लवकर मिळण्याचे पैसे देतोय.

आता माझा नियम जिथं मोडतो ते सांगतो, नाहीतर तुम्हीच विचाराल. युरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा हा गेम २०१२ चा आहे आणि अजून जिवंत आहे. त्याचे मोठे पॅक म्हणजे नकाशे : स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, २०२१ मध्ये आयबेरिया म्हणजे स्पेन-पोर्तुगाल, २०२३ मध्ये पश्चिम बाल्कन. नकाशा हा शुद्ध माल आहे, नियम एकही बदलत नाही. तरी आयबेरिया ही माझी सगळ्यात चांगली खरेदी, कारण ट्रकच्या गेममध्ये रस्ता हेच काम असतं. डोंगरातला अरुंद रस्ता आला की वेग, गिअर, ब्रेक सगळं परत शिकावं लागतं. तिथं जग १:१९ एवढं लहान केलंय. त्या मापानं जालना ते मुंबई हे साधारण ४०० किलोमीटर फक्त २१ किलोमीटरचे होतील, म्हणजे समृद्धी महामार्गावर चढलो नाही तोच उतरायचं. तरीही लांबचा प्रवास केल्यासारखं वाटतं, ही त्या लोकांची कमाल.

दुसरं कारण मला पेशामुळे जास्त दिसतं, ते म्हणजे देखभाल. मूळ गेमची आवृत्ती बदलली की फुकटचे मॉड मोडतात. बनवणारा माणूस कॉलेज संपवून नोकरीला लागलेला असतो, त्याला वेळ नसतो. कंपनीचा पॅक मात्र प्रत्येक आवृत्तीबरोबर चालता ठेवावा लागतो. एससीएसनं जर्मनीसारखे मूळ नकाशातले जुने भाग नव्यानं बांधून फुकट दिले. त्यांच्याच अमेरिकन ट्रक सिम्युलेटरचं माप २०१६ च्या शेवटी १:३५ वरून १:२० वर आणलं, त्याचेही पैसे घेतले नाहीत. पॅक घेताना आपण त्या टीमचा पुढच्या वर्षांचा पगारही थोडा भरतो. त्यामुळे टीमचा मागचा रेकॉर्ड बघून पैसे द्यायला माझी हरकत नसते.

रेकॉर्ड बघून म्हणतोय, जाहिरात बघून नाही. याच एससीएसनं रशियाचा मोठा नकाशा जाहीर केला होता आणि युक्रेनच्या युद्धानंतर मे २०२२ मध्ये तो बाजूला ठेवला. कारण समजण्यासारखं होतं. मुद्दा एवढाच की हातात आलं नाही त्याचा हिशोब धरू नये. आणि सिटीज : स्कायलाइन्स २ चं काय झालं ते तर बघाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गेम आला तोच अडखळत. लोक मूळ गेम नीट करा म्हणून ओरडत असताना मार्च २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या घरांचा विकतचा पॅक आला. लोकांनी इतका झोडपला की पुढच्या महिन्यात कंपनीनं माफी मागितली, पैसे परत केले आणि पॅक फुकट करून टाकला. पहिला सिटीज : स्कायलाइन्स मी खूप खेळलोय. त्यात दिवस-रात्र हा बदल विकतच्या आफ्टर डार्क पॅकबरोबर सगळ्यांना फुकट मिळाला होता. पॅक न घेणाऱ्यालाही काहीतरी मिळतं, ही रीत चांगली होती.

रेल्वे आणि विमानांबद्दल थोडक्यात. डोव्हटेलच्या ट्रेन सिम्युलेटरचे सगळे पॅक मिळून हजारो डॉलर होतात, त्यावर लोक हसतात. पण सगळे कोणी घ्यावेत अशी अपेक्षाच नाही. आपल्या आवडीचा एक मार्ग, एक इंजिन घ्यायचं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पीएमडीजीचं ७३७ किंवा फेनिक्सचं ए३२० ही विमानं महाग आहेत, पण त्यांत इंजिन सुरू करायलाच शिकावं लागतं. ज्याला ती प्रक्रिया शिकायची आहे त्याच्यासाठी पैसे वसूल. मी दोन आठवडे शिकलो आणि सोडून दिलं.

आणि एसटीवाल्यांनो, तुम्हाला विसरलेलो नाही. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा फोनवरचा फुकट गेम, त्यात आपल्या पोरांनी लाल परी रंगवून रस्त्यावर आणली. हे आपल्याला कोणी विकलं नसतं, कारण मोठ्या कंपन्या त्यांच्या गिऱ्हाइकाचं जग बनवतात. आपलं जग बहुतेक वेळा मॉडवालाच बनवतो.

आता माझा स्वतःचा हिशोब. पाच-सहा वर्षांत नऊ पॅक, मिळून पाच हजार सहाशे रुपये. त्यातले चार मी प्रत्येकी दोन तासही वापरले नाहीत, आणि ते चारही सेलमध्ये घेतलेले. स्वस्त होते म्हणूनच घेतले गेले. तासाला किती रुपये पडले असा हिशोब लोक करतात, मी पण करायचो, पण सिम्युलेशनमध्ये तो फसवा आहे. शेत नांगरायला कामगार लावून मी जेवायला जायचो, तेही तास मोजले जातात. यातच माझा एक रिफंड गेला. स्टीमवर पॅक परत करायचा तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि पॅक घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी चाललेला हवा. मी कामगाराला कापणीला लावून झोपलो. सकाळी सात तास झाले होते. पॅक घेतला की पहिला तास त्याच्यासमोर बसून घालवा, आवडला नाही तर तेव्हाच परत करा. आणि घेतला तरी तो शेताच्या सातबाऱ्यासारखा आपल्या नावावर होत नाही. आपण वापरायचा परवाना घेतो, स्टीमवर पैसे भरतानाही आता तसं लिहिलेलं दिसतं.

हे काकांना समजावत होतो तेव्हा ते म्हणाले, "मग हे बीटीच्या सरकीसारखंच झालं." महिको आपल्या जालन्याची, १९६४ पासूनची, त्यामुळे बियाण्याचा विषय इथं घराघरात. २०१६ मध्ये सरकारनं बोलगार्ड २ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात ४९ रुपये बियाण्याचे नव्हे, आतल्या तंत्रज्ञानाचे होते. काका पुढं म्हणाले, "पण सरकी घेतली तर कापूस तरी येतो."

भावानं तेव्हा विकत घेतलेलं यंत्र काकांना दाखवलं होतं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "ही पहिली वेचणी का दुसरी?" आमच्याकडं बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या होतात. गेममध्ये एकदा यंत्र फिरलं की रान मोकळं. त्या प्रश्नाचा पॅक कोणी विकत नाही.

परवा भावाचा परत फोन आला. आता तो बीएस्सी ॲग्रीला आहे. "दादा, २५ चा एक पॅक आहे," म्हणाला. मी विचारलं, त्यानं नवीन काय ठरवावं लागेल? थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काहीच नाही." मग आम्ही दुसराच उद्योग सुरू केला. गेममध्ये ऊस कापल्यावर परत फुटतो, आपल्या खोडव्यासारखा. पिकाच्या फाईलमध्ये तशी एक नोंद असते. ती कापसाला लावून दुसरी वेचणी आणायची. दोन संध्याकाळ गेल्या, खर्च शून्य. पीक परत येतं, पण पहिल्या वेचणीनंतर झाडं काही वेळ दिसेनाशी होतात आणि बोंडं हवेत तरंगत राहतात. ते अजून सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला जमलं असेल तर कळवा, भाऊ वाट बघतोय.