ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज केला, पुढे काय?

ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आपल्या पुष्कळ तरुण-तरुणींची एक रीत ठरलेली असते. जाहिरात पाहायची, अर्ज धाडायचा आणि वाट पाहत बसायचे. दोन महिने उलटले की ‘आतून कोणाचे तरी ठरलेले असणार’ असे म्हणून विषय सोडून द्यायचा. कधी कधी ते खरेही असते. पण कित्येकदा एखादे प्रमाणपत्र जोडायचे राहिलेले असते, अर्ज भलत्याच टेबलावर पडलेला असतो किंवा मुलाखतीचे पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलेले असते. वेळीच चौकशी केली तर यातले बरेच काही दुरुस्त होऊ शकते.

पाठपुराव्याची तयारी अर्ज देतानाच करावी लागते. अर्ज हातोहात देणार असाल तर दोन प्रती न्या. एक प्रत कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा क्रमांक हाती असला की कारकुनाला नोंदवही उघडून पाहावीच लागते. नसला तर ‘आमच्याकडे काही आलेले नाही’ हे उत्तर फार सोपे असते. टपालाने पाठवायचा झाल्यास स्पीड पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. ई-मेलने मागवला असेल तर विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि जाहिरातीची तारीख लिहा व पाठवलेला मेल जपून ठेवा.

आता चौकशी कोणाकडे करायची? येथे अनेकांची गल्लत होते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गाची हजारो वाचनालये आहेत. त्यांना अनुदान सरकार देते, पण ती चालवतात नोंदणीकृत संस्था. तेथील ग्रंथपाल आणि सहायक हे संस्थेचे नोकर, सरकारचे नव्हेत. म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. पत्र संस्थेच्या अध्यक्षांच्या किंवा कार्यवाहांच्या नावे जायला हवे. निर्णय कार्यकारी मंडळाच्या सभेत होतो. पुढची सभा केव्हा आहे एवढे विचारून घ्या आणि तुमचे पत्र सभेच्या आठवडाभर आधी पोहोचेल असे पाहा.

महाविद्यालयाची गोष्ट निराळी. तेथे पत्र प्राचार्यांना किंवा संस्थेच्या सचिवांना लिहायचे. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर त्याची एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाकडे पाठवावी, अशी अट बहुतेक जाहिरातींत असते. ती प्रत पोहोचली का, हेही तपासा. अंतिम तारखेनंतर हाती आलेले नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र मात्र मागाहून पाठवून सहसा चालत नाही. सरकारी भरतीत अर्ज ऑनलाइन असतो. तेथे घरी पत्र येईल या भरवशावर राहू नका. प्रवेशपत्र, यादी, शुद्धिपत्रक सारे संकेतस्थळावरच लागते. लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर तर मुळीच सोडू नका.

अर्जाची मुदत संपल्यावर पंधरा दिवसांनी पहिले पत्र लिहावे. त्याआधी घाई नको, छाननी सुरूच झालेली नसते. पत्र थोडक्यात असावे. नमुना असा:

‘महोदय, आपल्या संस्थेतील सहायक ग्रंथपाल पदासाठी मी दिनांक … रोजी अर्ज केला आहे. आवक क्रमांक … . अर्जात काही त्रुटी असल्यास कृपया कळवावे, पूर्तता त्वरित करीन. माझा पत्ता व दूरध्वनी क्रमांक खाली दिला आहे. आपला विश्वासू.’

वाटल्यास कामाशी संबंधित एखादे वाक्य वाढवा. उदाहरणार्थ, तुम्हाला उर्दू किंवा मोडी वाचता येत असेल आणि त्या वाचनालयात अशी जुनी पुस्तके नोंदीविना पडून असतील, तर ते जरूर लिहा. मात्र घरची हलाखी, भावंडांची संख्या हे त्यात नको. मंडळाला दया येईलही, पण नेमणुकीला कारण मिळत नाही.

प्रत्यक्ष भेटायचे तर एकदाच जा आणि वेळ पाहून जा. संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या वाचकांची रांग लागलेली असताना देवघेवीच्या टेबलाशी आपली कैफियत मांडू नये. वाचकाचा वेळ वाचवणे हा डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथ्या सूत्राचा गाभा आहे. ज्याला त्याच कामावर यायचे आहे, त्याने तो मोडून सुरुवात कशाला करावी? जमल्यास आधी त्या वाचनालयात वाचक म्हणून तास-दोन तास बसा. पुस्तके कोणत्या पद्धतीने लावली आहेत, नोंदी संगणकावर आहेत की अजून कार्डांवर, हे पाहिलेले मुलाखतीत कामी येते.

पाठपुरावा आणि वशिला यांत फरक आहे. शिफारस आणल्यास उमेदवारी रद्द होईल, असे पुष्कळ जाहिरातींत छापलेले असते. नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन जाणारा स्वतःच्या हाताने मंडळाला कारण देतो. आणि ‘अनुदानित जागा आहे, थोडे द्यावे लागेल’ म्हणणारा भेटला तर तेथूनच परत फिरा. लहान वाचनालयाचे वेतन किती तुटपुंजे असते ते मागितलेल्या रकमेशी ताडून पाहा. त्या व्यवहारात कर्ज फिटेपर्यंत वर्षे जातील.

दोन पत्रांनाही उत्तर नसेल, तर सरकारी कार्यालये आणि मोठ्या प्रमाणात अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या बाबतीत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची. ‘मला का घेतले नाही’ असे विचारू नका. ‘माझ्या अर्जाच्या छाननीतील नोंदीची प्रत मिळावी’ असे मागा, कारण या कायद्याखाली कागदावर असलेली माहितीच मिळते.

मुलाखत होऊन दुसऱ्याची निवड झाली तरी प्रतीक्षा यादी आहे का आणि ती किती काळ चालते, हे लेखी विचारून ठेवा. अधिक पगाराची जागा मिळाल्यास निवडलेला उमेदवार रुजू होत नाही, असेही घडते. त्या वेळी यादीतल्या पुढच्या नावाला फोन जातो, म्हणून दूरध्वनी क्रमांक बदलला असेल तर आवक क्रमांक घालून तो त्याच दिवशी लेखी कळवावा.