सोळा तासांची शांतता

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर दिसायच्या आधी पत्रा कापल्याचा आवाज कानात घुसतो. तिथूनच मी रोज तळोज्याला जाते, एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून. नवीन होते तेव्हा कामगारांच्या कानाची तपासणी आम्ही जेवणाच्या सुट्टीत उरकायचो. ते साफ चूक होतं. ऑडिओमेट्रीआधी कानाला चौदा-सोळा तासांची शांतता हवी, नाहीतर नोंद होते ती थकलेल्या कानाची. मग मी भांडून सुट्टीनंतरची पहिली सकाळ मागून घेतली.

अशाच एका सकाळी ग्राइंडिंगवरच्या काकांच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खड्डा दिसला. गोंगाटाने कान जातो तो बहुधा तिथूनच. बोलणं समजायला लागणारे सूर बरेचसे त्याच्या खालचे, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. "सिस्टर, मला सगळं ऐकू येतं," काका म्हणाले. मी जुने कागद काढले. खड्डा चार वर्षं खोल होत होता आणि प्रत्येक कागदावर ‘फिट’चा शिक्का होता. चारही कागद कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. मला रडू आलं. असं गेलेलं ऐकणं कुठल्याही औषधाने परत येत नाही.

तपासणीचा आणि नोंदींचा कायदा तर होताच. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात कलम 41-सी आलं. घातक रसायनांत काम करणाऱ्याची तपासणी कामावर लावण्याआधी, नंतर निदान बारा महिन्यांतून एकदा आणि काम सुटल्यावरही करायची असे. नोंदी मालकाने ठेवायच्या, कामगाराला पाहू द्यायच्या, असा तो नियम होता. गोंगाटाने येणारा बहिरेपणा सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारासोबत त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. आढळला की सरकारला कळवायचा. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार दशकांनी डोकं वर काढतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये त्या कामगारांच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांत जे उशिरा येईल तोवर, जपायला सांगितल्या.

21 नोव्हेंबर 2025 ला कारखाने अधिनियमाच्या जागी कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याची नवी संहिता लागू झाली. वार्षिक मोफत तपासणी तिच्यातही आहे, पण संहिता मुख्यतः दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी.

काकांना पॅकिंगला हलवलं. त्यांच्या सगळ्या आलेखांची झेरॉक्स मी त्यांच्या हातात दिली, आता सगळ्यांनाच देते. त्यांचा पुतण्या लोखंड बाजारातल्या सहा जणांच्या गाळ्यात पत्रा कापतो. त्याच्या कानाचा पहिला आलेख अजून निघालेला नाही.