संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?



हळर्णचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शापोरा नदीच्या काठावरचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आणि तो घेणाऱ्या व्हाइसरॉयने त्याचेच नाव आपल्या पदवीत मिरविले. परंतु आज मी त्या किल्ल्याविषयी नव्हे, तर किल्लीविषयी बोलणार आहे. आणि तीही आमच्या शाळेतील एका जुन्या संगणकाच्या.

गोव्यातील शाळांतून मुलांना संगणकाला आज्ञा लिहिण्याचे व लहानसहान यंत्रे चालविण्याचे शिक्षण देण्याची सरकारी योजना अलीकडच्या वर्षांत सुरू झाली आहे. त्या निमित्ताने नववीतील हळर्णच्या एका मुलीने पाऊस मोजणारे एक उपकरण तयार केले. नरसाळे, त्याखाली एक डोलणारी वाटी, आणि वाटी किती वेळा कलंडली ते मोजणारा हाताच्या तळव्याएवढा बोर्ड. तो तारेने संगणकाला जोडला की दिवसाचा पाऊस संगणकात उतरावा, अशी योजना. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने बोर्ड जोडला आणि पडद्यावर उत्तर आले : परवानगी नाकारली.

‘सर, बोर्ड आपला, संगणक शाळेचा, मग नाही कोण म्हणतो?’ तिने विचारले. ह्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. तिच्यासाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत, तिची घडण सर्वांना वाचण्यास खुली आहे, आणि जुन्या यंत्रांवर ती बरी चालते. लिनस टॉरवाल्ड्‌स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. परंतु तिचे वळण त्याहून जुने, १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी रचलेल्या युनिक्सचे आहे. त्या काळी एकच महागडे यंत्र अनेकजण वापरीत. म्हणून प्रत्येक वस्तूला एक मालक, एक गट आणि ‘इतर’ अशा तीन पायऱ्या ठरविण्यात आल्या, आणि प्रत्येक पायरीला वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा अधिकार निरनिराळा ठेवण्यात आला. ह्या सर्वांच्या वर एक धनी असतो. त्याला ‘रूट’ म्हणतात. त्याला काहीही वर्ज्य नाही.

युनिक्सची खुबी अशी की, तेथे यंत्राचे अवयवही कागदपत्रांसारखेच मानले जातात. पडद्याचा उजेड म्हणजे एका फायलीत लिहिलेला एक आकडा. तारेने जोडलेला बोर्ड म्हणजे आणखी एक फाईल. बोर्डाची ती फाईल डेबियन व उबुंटू ह्या लिनक्सच्या प्रकारांत ‘डायलआऊट’ नावाच्या गटाकडे असते. हे नाव टेलिफोनच्या काळातले आहे. पूर्वी ह्याच वाटेने मोडेम जोडला जाई, त्यावरून दूरच्या गावी फोन लागे आणि बिल मालकाला येई. तेव्हा वाटेल त्याला फोन फिरवू देऊ नये, हा विचार रास्तच होता. मोडेम गेले, नाव राहिले, आणि हळर्णच्या मुलीचा पाऊस त्या जुन्या कुलपाशी अडला.

पुढील चूक मात्र माझी. संगणक बसवून देणारा गृहस्थ म्हापशाहून महिन्याकाठी एकदा येई. मी त्याच्याकडून रूटचा परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला आणि वर्गाच्या मॉनिटरला दिला. तो रोज बोर्डाची फाईल सर्वांना खुली करून देई. पण तार काढून पुन्हा लावली की यंत्रणा ती फाईल नव्याने घडविते आणि जुनी बंदी परत येते. मुलगा कंटाळला. ऑगस्टच्या मध्यास त्याने कोठेतरी वाचून एकच जबर आज्ञा दिली : ह्या यंत्रातील सगळे काही, सगळ्यांना, सदैव खुले. त्याचा हेतू मदत करण्याचा होता, हे मी आजही सांगतो.

त्यानंतर यंत्राची गंमत अशी झाली की, सर्व दारे उघडी असूनही धन्याच्या नावाने काम करता येईना. ‘सुडो’ नावाचा एक कार्यक्रम असतो. १९८० च्या सुमारास तो बफलो येथील विद्यापीठात तयार झाला. अधिकारपत्र पाहून एखाद्याला तेवढ्यापुरते धन्याचे बळ उसने देणे हे त्याचे काम. परंतु ते अधिकारपत्रच कोणालाही खोडता येते असे दिसले की तो त्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि काम करण्याचे नाकारतो. कारकुनाने वागावे तर असेच! शेवटी म्हापशाच्या गृहस्थांनी यंत्र पुसून सारे नव्याने बसविले. अडीच महिन्यांच्या पावसाच्या नोंदी तेवढ्या एकाच ठिकाणी होत्या. त्या गेल्या. ती मुलगी काही बोलली नाही. जूनचा पाऊस तिने पुन्हा कोठून आणावा?

मग अधिकार द्यावाच नाही काय? तसेही नाही. २०१२ साली खुद्द टॉरवाल्ड्‌स ह्यांच्या मुलीने शाळेतून त्यांना फोन केला. तिच्या संगणकावर ओपनसुसे हा लिनक्सचाच एक प्रकार होता, आणि शाळेतील प्रिंटर जोडण्यासाठी तो धन्याचा परवलीचा शब्द मागत होता. ज्यांनी लिनक्स जन्मास घातले त्यांच्याच घरी ही अडचण! त्यांनी ह्या प्रकारावर जाहीरपणे अतिशय कडक शब्दांत टीका केली. त्यांचा राग मला पटतो. क्षुल्लक कामासाठी मोठी किल्ली मागितली, तर लोक ती मोठी किल्लीच चिठ्ठीवर लिहून वाटतात. मी तेच केले होते.

ज्यांची शेती खाजनात आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे बांधाला मानस असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते, आणि खारे पाणी शेताबाहेर राहते. मानशीत मासे धरण्याचा अधिकार पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. तो अधिकार मासळीचा आहे, दाराचा नव्हे. परंतु पावणी घेणाऱ्याने अधिक मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी दार उघडे ठेवले, तर खारे पाणी आत शिरते आणि भाताचे शेत नासते. दिलेला हक्क आणि त्याबरोबर नकळत हाती गेलेली वस्तू ह्यांतील अंतर तेथे स्पष्ट दिसते.

संगणकातही असेच आहे. ‘डिस्क’ नावाच्या गटात कोणाला घातले तर वाटते, त्याला तबकडी हाताळता येईल, एवढेच. प्रत्यक्षात तो त्या तबकडीवरील प्रत्येकाचे कागद कुलूप चुकवून वाचू शकतो. तो जवळजवळ धनीच झाला. ‘इनपुट’ गटातील माणसाचा कोणताही कार्यक्रम दुसऱ्याने कळफलकावर टाइप केलेले प्रत्येक अक्षर ऐकू शकतो, परवलीच्या शब्दासकट. आणि पंख्याची गती किंवा प्रोसेसरला मिळणारा विद्युत्‌दाब ह्यांना तर अजाण हात लागूच नये. तेथील चूक डोळ्यांना दिसत नाही, उष्णतेच्या रूपाने नंतर प्रकटते. पडद्याच्या उजेडाचे तसे नाही. एखाद्या मुलाने तो शून्यावर नेला तर फार तर पडदा काळा होईल. आणि आजच्या बहुतेक लिनक्समध्ये यंत्र पुन्हा सुरू करताना तो उजेड अगदीच मावळू नये अशी तजवीज आहे.

मग आमच्या बोर्डाचे काय केले? ‘यूडेव्ह’ नावाचा एक द्वारपाल लिनक्समध्ये २००३ पासून आहे. नवे उपकरण जोडले की तो त्याचा उत्पादक-क्रमांक व वस्तु-क्रमांक वाचतो आणि त्या जातीच्या वस्तूस लिहून ठेवलेला नियम लावतो. आम्ही एकाच ओळीचा नियम लिहिला : ह्या क्रमांकाचा बोर्ड आला, तर त्या क्षणी यंत्रासमोर जो बसला असेल त्याला तो वापरू द्यावा. यंत्रासमोरच्या ह्या जागेला लिनक्सच्या परिभाषेत ‘आसन’ असेच म्हणतात. आसनावरून उठून दुसरा बसला की हक्क त्याच्याकडे जातो. दुसऱ्या गावाहून तारेने यंत्रात शिरलेल्याला तो मिळत नाही. गटात नाव घातले असते तर तो माणूस कोठेही बसला तरी हक्क त्याच्या नावावर राहिला असता. शाळेत, जेथे एका यंत्रावर दिवसाला पाच वर्ग बसतात, तेथे आसनाचाच नियम मला योग्य वाटतो. नियमाच्या फायलीचे नाव ७३ पेक्षा लहान आकड्याने सुरू व्हावे लागते, कारण आसनाचा हिशेब ७३ क्रमांकाच्या फायलीत होतो. हे न कळल्यामुळे आमची एक दुपार फुकट गेली.

द्वारपालही चुकतात, हे सांगितलेच पाहिजे. सुडोमध्ये जवळजवळ दहा वर्षे दडलेला एक दोष २०२१ च्या जानेवारीत उघड झाला, आणि ‘पोलकिट’ नावाच्या तशाच दुसऱ्या अधिकाऱ्यातील, २००९ पासूनचा, २०२२ च्या जानेवारीत. दोहोंतही साध्या वापरणाऱ्याला धनी होता येत होते. दुरुस्ती तत्काळ निघाली. पण ती आपल्या यंत्रावर उतरवून घेण्याचे काम शेवटी कोणीतरी करावेच लागते. आमच्या शाळेत ते आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते. रूटचा शब्द बदलून, लिफाफ्यात घालून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आहे.

त्या मुलीच्या नोंदी सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झाल्या. संगणकाबरोबरच ती आता एका वहीतही आकडे उतरविते. जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट ह्यांची पाने तिने कोरी ठेवली आहेत.